गयाबाई सांगत राहिल्या

गयाबाई पहिल्यांदा शाळेत आल्या तेव्हा मला वाटलं, भांडायला आल्यात.

दुपारची सुट्टी होती. तिसरीच्या वर्गात मी एकटीच डबा खात बसले होते. दारात एक उंच बाई येऊन उभी राहिली. साडीवर पुरुषी शर्ट, डोक्याला घट्ट बांधलेला रुमाल, पायांवर घोट्यापर्यंत सिमेंटची पुटं. तिच्या मागं माझ्या वर्गातली वैशाली. आदल्याच दिवशी मी वैशालीच्या हातावर दोन पट्ट्या मारल्या होत्या. सोमवारी तिनं दोनाचा पाढा म्हणून दाखवला होता आणि मंगळवारी तिला 'दोन एके दोन'च्या पुढं काही येईना. वर ती माझ्याकडं बघून हसत होती. मला ते हसणं उद्धट वाटलं होतं.

"तुमीच का हिच्या म्याडम?"

मी डबा बंद केला. "हो. काल मारलं मी तिला. अभ्यास करत नाही ती."

"मारल्याचं काय नाय. मी बी मारते. लई मारलं." त्यांनी वैशालीच्या केसांवरून हात फिरवला. "पण मारून येत असंल तर कसं मारायचं ते मला बी दाखवा. माझ्या मारानं तर नाय येत तिला."

त्यात टोमणा नव्हता. त्या खरंच विचारत होत्या. मी बंद डब्याचं झाकण पुन्हा दाबलं. त्या थोडा वेळ थांबल्या, मग "मुकादम बोंबलत असंल" म्हणून निघून गेल्या. जाता जाता त्यांनी वर्गाच्या भिंतीवर बोटाच्या पेरानं दोन ठिकाणी ठोकून पाहिलं. "इथं पोकळ हाय म्याडम. पोरांना जरा लांब बसवा."

मी हे हेडमास्तरांना सांगितलं, ते हसले. पुढच्या पावसाळ्यात एका रविवारी त्या जागेचा हातभर गिलावा खाली आला. सुदैवानं शाळा बंद होती. त्यानंतर गयाबाई शाळेत आल्या की हेडमास्तर उठून त्यांना खुर्ची द्यायचे आणि त्या खुर्चीवर न बसता उंबऱ्याशी टेकायच्या. कुठल्याही खोलीत शिरल्यावर भिंत ठोकायची त्यांची खोड मात्र कायम होती. बँकेतही ठोकायच्या, डॉक्टरांच्या खोलीतही.

आमची शाळा बजाजनगरला होती. मी समर्थनगरहून यायची, आधी नगर नाक्यापर्यंत आणि तिथून वाळूजकडं जाणारी बस किंवा रिक्षा धरून. माझे आजोबा पौरोहित्य करायचे, वडील कचेरीत कारकून. माझ्या माहेरी पाढे न येणारं मूल म्हणजे आळशी मूल, एवढंच ठाऊक होतं. तेव्हा शहराचं नाव औरंगाबादच होतं आणि ते पश्चिमेकडं इतक्या वेगानं वाढत होतं की उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर बसमधून बाहेर पाहिलं तर ओळखीचं शेत सापडायचं नाही. तिथं पाच मजल्यांचा सांगाडा उभा असायचा. त्या सांगाड्यांवर गयाबाई काम करायच्या.

त्या सोयगावकडच्या. कोरडवाहू कापसाची जमीन, त्यात तीन भावांचे वाटे. पावसानं सलग दोन वर्षं दगा दिल्यावर त्या आणि त्यांचा नवरा रामदास एका गाठोड्यासह बजाजनगरला आले. रामदास कंपनीत ठेकेदाराकडं लागला. गयाबाई बांधकामावर. आल्या तेव्हा वैशाली पोटात होती.

त्यांच्या बोलण्याची एक रीत होती. अवघड काही सांगायचं असलं की आधी म्हणायच्या, "आधी ऐका, मंग शिव्या द्या." आणि मग जे सांगायचं ते एका दमात, कुठंही न सजवता. ऐकून घेतल्यावर फारसं कुणी शिव्या द्यायचं नाही. क्वचित कुणी दिल्याच तर त्या ऐकून घ्यायच्या, पदरानं तोंड पुसायच्या आणि म्हणायच्या, "झालं? आता पुढचं ऐका."

वैशालीला मारायचं मी थांबवलं, पण तिला कसं शिकवायचं ते कळत नव्हतं. ती वर्गात सगळ्यांत लहानखुरी होती. स्वभावानं गोड. कुणीही हाक मारली की जायची, कुणालाही आपला डबा द्यायची. आणि मध्येच कशानं तरी बिनसलं की बाक ढकलून द्यायची, पाच मिनिटांनी त्याच बाकावर डोकं ठेवून झोपायची. शाळेत आरोग्य तपासणीला आलेल्या डॉक्टरांनी तिच्या डोक्याचा घेर दोनदा मोजला, तिचा चेहरा उजेडाकडं वळवून पाहिला आणि मला चिठ्ठी दिली. शहरातल्या मोठ्या सरकारी दवाखान्यात, मुलांच्या विभागात दाखवा.

"तुमी चला म्याडम," गयाबाई म्हणाल्या. "तिथं लिवाय-वाचायचं असतं. आन् डॉक्टर काय बोलंल ते मला एकटीला नाय उमगायचं."

म्हणून मी गेले. रामदासही आला होता, इस्त्रीचा शर्ट घालून. आत एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी वैशालीला ठोकळे दिले, चित्रं दाखवली, गोष्ट सांगून थोड्या वेळानं तीच परत विचारली. तासभर तरी गेला. मग वैशालीला बाहेर खेळायला पाठवलं आणि वही उघडली. बाळंतपण कुठं झालं, वजन किती होतं, रडली कधी. आणि त्याच सुरात, मान वर न करता विचारलं, "दिवस असताना दारू घेत होतात का?"

रामदास उठून उभा राहिला. "काय विचारता तुमी? आमी शेतकरी माणसं. आमच्या घरातल्या बाया पीत नाय."

"मी सगळ्यांना विचारते," डॉक्टर म्हणाल्या. "माझ्या ओळखीच्या बायकांनासुद्धा विचारते. उत्तरावर कुणाला रागवायचं नाहीये मला."

मी खाली पाहत होते. गयाबाईंनी रुमाल सोडला, मांडीवर घडी घातली.

"पीत व्हते," त्या म्हणाल्या.

रामदासनं त्यांच्याकडं पाहिलं. त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. ते त्यांनी परक्या माणसासमोर म्हटलं, हे त्याला सहन झालं नाही. तो बाहेर निघून गेला.

डॉक्टरांनी मग समजावून सांगितलं. घाई न करता, परत परत. आईनं घेतलेली दारू रक्तातून, वार आणि नाळेवाटे बाळापर्यंत जाते. आईचं शरीर ती पचवतं, बाळाला ते जमत नाही. मेंदू पहिल्या महिन्यापासून शेवटच्या महिन्यापर्यंत घडत असतो, त्यामुळं कुठलाच काळ बिनधोक नसतो. आणि देशी, विदेशी, बिअर, वाइन, बाळाला सगळं सारखंच. वैशालीच्या नाकाखालची पन्हळ सपाट आहे, वरचा ओठ पातळ आहे, डोकं लहान आहे, ही वरून दिसणारी खूण. आतली खूण म्हणजे लक्षात न राहणं, पुढं काय होईल ते न कळणं, राग आवरता न येणं.

"ती मुद्दाम करत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "तिला जमत नाही. काल आलेलं आज हरवतं. त्यात तिचा दोष नाही."

"मंग औषध?"

"घडलेलं उलटं फिरवणारं औषध नाही. पण शिकवायची पद्धत बदलली, घरात शांतता ठेवली, रोजचा क्रम एकच ठेवला, तर ती पुष्कळ काही करू शकेल. अशी मुलं मोठी होतात, कामं करतात. त्यांना आधार लागतो, मार नाही."

गयाबाईंनी रुमालाची घडी उलगडून पुन्हा घातली. मग म्हणाल्या, "म्हंजी पाया भरायच्या टायमालाच माल कच्चा पडला."

"थोडंफार तसं."

"आन् ते माझ्या हातनं."

"तुम्हाला कुणी सांगितलं होतं का?" डॉक्टरांनी विचारलं. "दिवस असताना घेऊ नका, असं एकानं तरी?"

"नाय."

"मग एकट्या तुमच्या हातून नाही."

बाहेर कडुनिंबाखालच्या बाकावर आम्ही बसलो. वैशाली एका अनोळखी म्हातारीच्या मांडीला टेकून तिच्या पिशवीतले शेंगदाणे खात होती. तिथं गयाबाईंनी मला सगळं सांगितलं. न विचारता.

आल्या तेव्हा दुष्काळच होता. माणसांना प्यायला पाणी नव्हतं, पण ओतलेला स्लॅब भिजत ठेवायला टँकर यायचा. बाया त्यातलं पाणी चोरून घागरी भरायच्या. स्लॅबचं काम एकदा सुरू झालं की थांबवता येत नाही. सकाळी मिक्सर चालू होतो तो काम संपेपर्यंत, आणि घमेली खालून वर जातच राहतात. अंगात बळ राहावं म्हणून मुकादम दुपारनंतर दारूचा ग्लास फिरवायचा. गडी घ्यायचे, बायाही घ्यायच्या.

"पयल्यांदा वकारी आली. मंग कळलं, हे पेलं की खांदा दुखत नाय. पोटात पोरगी व्हती, तिचं वझं बी जाणवत नव्हतं. स्लॅब नसंल त्या दिशी बी घ्यायला लागले. सांजच्याला. रांधायच्या आधी." त्या वैशालीकडं बघत होत्या. "एक म्हातारी बाई व्हती आमच्यात. ती म्हणायची, घे, पोट हलकं राहतंय, बाळंतपण सोपं जातंय. तिनं बी काय वाईट मनानं नाय सांगितलं म्याडम. तिला तिच्या म्हातारीनं सांगितलं आसंल."

"आणि आता?" मी विचारलं.

"आता बी घेते कधी-मधी. स्लॅबच्या दिशी." मग म्हणाल्या, "घेत व्हते."

दारू त्या दिवशी सुटली असं म्हणायला मला आवडलं असतं. सुटली नाही. महिनाभरानं एका सकाळी त्या शाळेच्या फाटकाशी माझी वाट पाहत उभ्या होत्या. "काल पेले," म्हणाल्या. "कुणाला तरी सांगावं म्हून आले." एवढं बोलून कामावर गेल्या. असं आणखी एकदा झालं. त्यानंतर पुन्हा त्या अशा कधी आल्या नाहीत.

वैशालीसाठी त्यांनी घरच बदललं. पत्र्याची एकच खोली, पण तिच्या भिंतीवर त्यांनी गेरूनं चित्रं काढली. झाडू, दात घासायचा ब्रश, बादली, कंगवा, ताट, दप्तर. वैशाली सकाळी उठली की पहिल्या चित्रावर हात ठेवायची, ते काम करायची, मग दुसऱ्यावर. कितीही घाई असली तरी गयाबाई क्रम मोडू द्यायच्या नाहीत. मी ते पाहून वर्गात तसंच केलं. दोनाचा पाढा आम्ही चिंचोके मांडून रोज नव्यानं शिकायचो, जणू कालचा दिवस नव्हताच. वर्षअखेरीस तो तिला आला. पुढं सुट्टीत गेलाही. तिला मी परत शिकवला.

घरात शांतता ठेवणं मात्र गयाबाईंच्या एकटीच्या हातात नव्हतं. रामदासनं दवाखान्यातली गोष्ट गावी सांगितली. दिवाळीला त्या सोयगावकडं गेल्या तेव्हा सासूनं भावकीसमोर विचारलं, "तूच पोरीचं वाटोळं केलं म्हणं?"

"व्हय," गयाबाई म्हणाल्या. "पण मला कुणी सांगितलं नव्हतं. आता तुमाला म्या सांगितलं. घरात आणखी दोन सुना हायेत."

सासूनं त्यांना त्या घरात जेवू घातलं नाही. गयाबाई पोरीला घेऊन दुपारच्या गाडीनं परत आल्या. रामदास गावीच राहिला, आधी आठ दिवस म्हणून, मग कायमचा.

तो गेल्यावरच त्यांचं सांगणं सुरू झालं. एका स्लॅबच्या दिवशी मुकादमानं ग्लास फिरवला, तो सुनीता नावाच्या नव्या मुलीपर्यंत आला. तिला पाचवा महिना होता. गयाबाई घमेलं खाली ठेवून मध्ये उभ्या राहिल्या. मिक्सर फिरत होता, वरून गडी ओरडत होते.

"अरे बाई, हट ना," मुकादम म्हणाला. "मेरा माल सूख रहा है."

"आधी ऐका, मंग शिव्या द्या," गयाबाई म्हणाल्या आणि सगळ्या रांगेसमोर सांगितलं. मी पेले. पोटात पोर व्हती. तिच्या डोक्याला लागलं ते. सुनीता रडायला लागली, म्हणाली की तीन महिने रोज घेतेय. गयाबाईंनी तिला हाताला धरून बाजूला बसवलं. "आजपस्तोर पेली ती पेली. त्याला कुणाचा विलाज नाय. आजपासून नको. डॉक्टरीणबाई म्हणतेय, ज्या दिशी थांबलं त्या दिसापासून पोराला फायदाच हाय."

त्या दिवसानंतर मुकादमानं त्यांना काम दिलं नाही. त्यांनी दुसरा मुकादम शोधला, आणि तिथंही तेच सांगितलं. हळूहळू त्यांचं नाव झालं. अंगणवाडीताई त्यांना गरोदर बायांच्या बैठकीला बोलावू लागली. तिथं एक ताई गर्भसंस्काराबद्दल बोलायची, चांगलं ऐका, चांगलं वाचा. ते संपलं की गयाबाई उठायच्या. "पोटातलं पोर ऐकतं म्हणतेत. ऐकतं का नाय मला नाय ठाव. आपण पेतो ते मात्र पेतं." एका बाईचे हात सकाळी प्याल्याशिवाय थरथरायचे. गयाबाईंनी तिला घरी काही उपदेश केला नाही, सरळ दवाखान्यात नेलं. अशी जुनी सवय एकाएकी सोडली तर जिवावर बेततं, हेही त्या विचारून आल्या होत्या.

या बैठकांना त्या वैशालीला सोबत न्यायच्या. सांगून झालं की तिला पुढं ओढायच्या. "ही बघा. हिचा ओठ बघा. चवथीत हाय, पण पाढा नाय येत." बाया चुकचुकायच्या. परिणाम व्हायचा, हे खरं. मीही एकदा तिथं होते आणि मला त्यात काही खटकलं नव्हतं, हे कबूल करायला हवं.

वैशाली तेरा वर्षांची झाली होती त्या सुमाराची गोष्ट. वाळूजच्या एका बैठकीत गयाबाईंनी तिचा दंड धरून तिला उभं केलं. वैशालीनं बायांकडं पाहिलं, मग आईकडं.

"आई, मी खराब झाले का?"

गयाबाईंचा हात तिच्या दंडावर तसाच राहिला. वैशाली उत्तराची वाट बघत होती. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, तिला फक्त ते जाणून घ्यायचं होतं.

"नाय," गयाबाई शेवटी म्हणाल्या. "तू खराब नाय. माझं चुकलं, तेवढं सांगायला आले मी."

त्या तिथंच खाली बसल्या. दुसऱ्या दिवशी शाळेत येऊन मला म्हणाल्या, "म्याडम, इतकी वर्सं मी तिला बाजारात गाय उभी करावी तशी उभी केली. तुमी कामून नाय बोलल्या?"

मी म्हटलं, "मला कळलं नाही, गयाबाई."

"मला बी नाय कळलं. तिला कळलं बघा." आणि मग, "डोकं कमी हाय म्हणतेत तिला."

त्यानंतर वैशाली बैठकांना गेली नाही. गयाबाई जायच्या, पण 'माझ्या पोरीचं असं झालं' हे वाक्यच त्यांनी काढून टाकलं. "मी पेले" म्हणायच्या, डॉक्टरांनी सांगितलं ते सांगायच्या, आणि पोरीबद्दल कुणी विचारलंच तर "ती पोळ्या लई चांगल्या करती" म्हणायच्या. ते खोटं नव्हतं. पुढं एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटायचं काम तिला मिळालं. तिथल्या प्रमुख बाईंना गयाबाईंनी आधीच सगळं सांगून ठेवलं होतं. एका वेळी एकच काम सांगा, जागा बदलू नका, गडबडीत ओरडू नका. वैशाली तिथं टिकली.

एकदा मात्र मी गयाबाईंना गप्प करायला निघाले होते. ते सांगायला हवं.

आमच्या समर्थनगरच्या घरी स्वयंपाकघराची भिंत ओल धरत होती. मी गयाबाईंना पाहायला बोलावलं. नेमकं त्याच दिवशी माझ्या नणंदेचं, मीराचं, डोहाळजेवण होतं. मीरा वाळूजच्या एका मोठ्या कंपनीत अधिकारी. घर पाहुण्यांनी भरलेलं, फुलांची वाडी भरलेली, माझ्या सासूबाई पैठणी नेसून मिरवत होत्या. गयाबाई मागच्या दारानं येऊन भिंत ठोकत होत्या. बैठकीच्या खोलीत मीराच्या मैत्रिणी हसत होत्या. कुणीतरी म्हणालं, मग पार्ट्या बंद का आता? मीरा म्हणाली, "छे, एखादा ग्लास वाइन तर चालते गं. परवाच घेतली. आम्ही काय देशी पितो का?"

भिंतीवरचा आवाज थांबला. मी वळून पाहिलं तर गयाबाई स्वयंपाकघराच्या दारात आल्या होत्या. मला पुढचं कळलं. मी त्यांच्या आणि बैठकीच्या मध्ये उभी राहिले आणि हळू आवाजात म्हटलं, "गयाबाई, इथं नको. हे लोक वेगळे आहेत."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "म्याडम, पोर वेगळं असतं का?"

मी बाजूला झाले. फार मनापासून नाही. माझ्या सासूबाई काय म्हणतील हेच डोक्यात होतं.

गयाबाई उंबऱ्याशी थांबल्या, आत गेल्या नाहीत. "ताई, आधी ऐका, मंग शिव्या द्या." आणि सांगितलं. दोन मिनिटांत. सासूबाई उठल्या. "आमच्या घरात असलं काही नसतं. शुभ दिवशी हे काय अभद्र? तुम्ही भिंत पाहायला आलात ना?"

"व्हय. भिंतीत पाइप गळतोय," गयाबाई म्हणाल्या. "फोडावं लागंल." आणि मागच्या दारानं निघून गेल्या.

सासूबाई माझ्याशी आठवडाभर बोलल्या नाहीत. पण त्या संध्याकाळी पाहुणे गेल्यावर मीरा माझ्याजवळ येऊन बसली. "वहिनी, त्या बाईंचं खरं आहे का? एका ग्लासनंसुद्धा होतं?"

मी म्हटलं, "एका ग्लासनं होईलच असं नाही. पण किती चालेल, ते डॉक्टरांनाही सांगता येत नाही. म्हणून ते अजिबात नको म्हणतात."

"मला माझ्या डॉक्टरांनी कधी विचारलंच नाही," मीरा म्हणाली. "विचारायला संकोच वाटला असेल. आमच्यासारख्यांना कोण विचारणार?"

तिनं पुढं घेतली नाही. तिची मुलगी आता शाळेत जाते. पण माझ्या मनात राहिलं आहे ते तिचं ते वाक्य. गयाबाईंना कुणी विचारलं नव्हतं कारण त्या मजूर होत्या. मीराला कुणी विचारलं नव्हतं कारण ती मीरा होती.

पुन्हा एक कोरडं साल आलं. बांधकामं पाण्यावाचून थांबली, बजाजनगरात आठवड्यातून एकदा नळ यायचा. त्याच सुमारास सोयगावहून निरोप आला की सासू अंथरुणाला खिळली आहे, रामदासला काही निभत नाही. मी म्हटलं, "तुम्ही कशाला जाता? त्यांनी तुम्हाला पानावरून उठवलं होतं."

"उठवलं नव्हतं. बसूच दिलं नव्हतं," गयाबाई म्हणाल्या. मग पिशवीची गाठ मारत राहिल्या. "धाकट्या जावेला पोरगा झाला म्याडम. त्याचं सगळं चांगलं हाय. ती मला फोनवर म्हणली, बाई, तुमी त्या दिवाळीला बोलल्या ते मी ध्यानात ठेवलं व्हतं. सासू बी ऐकत व्हती म्हणं तवा."

वैशाली तेव्हा एकोणीस वर्षांची होती. कॅन्टीनमधून तिला दोन महिन्यांची रजा मिळाली होती, प्रमुख बाईंनी जागा राखून ठेवायचं कबूल केलं होतं. मी त्यांना बसस्टँडवर पोचवायला गेले. सोयगावच्या गाडीला वेळ होता. गयाबाई फलाटावर बसून राहिल्या. त्या बऱ्याच थकल्या होत्या. उजवा खांदा आता वरच जात नव्हता. वैशाली सामान मोजत होती, एक पिशवी, दोन पिशव्या, डबा, आणि परत पहिल्यापासून.

"म्याडम," गयाबाई एकदम म्हणाल्या, "मी सगळ्यांना सांगत फिरले. पण एक मला कुणी सांगंना. माझ्या माघारी हिचं कसं?"

मी म्हटलं, "मी आहे ना."

"तुमी वयानं माझ्यापेक्षा मोठ्या हायेत," त्या म्हणाल्या आणि हसल्या. मीही हसले. दुसरं काय करणार होतो.

गाडी लागली. दोघी चढल्या, त्यांना खिडकीजवळची जागा मिळाली. गाडी सुटायला अजून दहा मिनिटं होती म्हणून मी केळी आणायला गेले. परत येऊन खिडकीपाशी उभी राहिले तेव्हा गयाबाईंना झोप लागली होती. त्यांचं डोकं वैशालीच्या खांद्यावर कलंडलं होतं, तोंड थोडं उघडं, रुमाल सुटलेला. बाजूनं माणसं चढत होती, सामान ढकलत होती, कंडक्टर ओरडत होता. वैशाली ताठ बसली होती, खांदा जराही न हलवता, एक हात आईच्या डोक्यामागं धरून.

मी केळी खिडकीतून आत धरली. "वैशाली," म्हणाले.

तिनं माझ्याकडं पाहिलं आणि दुसऱ्या हाताचं बोट ओठांवर ठेवलं.

मी केळी हळूच तिच्या मांडीवर ठेवली आणि मागं सरले. गाडी निघाली.